मॅसिडोनियन भाषेचा तंटा

या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांस वाटेत गाठले आणि विचारले, "दादा, बोनसवर बोलायचे सोडून हे काय काढलेत?" त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. कामगार चळवळीतल्या माणसाने व्याकरणाच्या वाटेला कशाला जावे? आम्ही त्याला इतकेच सांगितले की, कारखान्याच्या फाटकावरची नोटीस कोणत्या भाषेत लागावी याचे भांडण आम्ही पाहिलेले आहे. नोटीस वाचता आली नाही म्हणून मुदत टळली आणि काम गेले, अशी माणसेही पाहिलेली आहेत. आपल्या तोंडच्या बोलीला काय नाव द्यायचे हे दुसराच कोणी ठरवू लागला, म्हणजे त्यात गरिबाचे काय जाते, याचा विचार तेव्हापासून आमच्या मनात आहे. आम्ही भाषाशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा व्याकरणात आमची चूक झाली तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. माणसांविषयी चूक झाली तर मात्र कान धरावा.

ग्रीसच्या उत्तरेस, बल्गेरियाच्या पश्चिमेस, अल्बानियाच्या पूर्वेस आणि सर्बिया व कोसोवो यांच्या दक्षिणेस असा हा डोंगराळ मुलूख आहे. २०२१ च्या शिरगणतीत तेथील वस्ती साडेअठरा लाखांच्या आत भरली. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्यात याहून अधिक माणसे राहतात. राजधानीचे नाव स्कोप्ये. मदर तेरेसा यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला. तेव्हा ते तुर्की साम्राज्यात होते आणि त्यांच्या घरी अल्बानियन बोलत. आजही त्या देशात सुमारे चौथा हिस्सा लोक अल्बानियन आहेत. बाकीच्यांत बहुसंख्य जी भाषा बोलतात तिला ते मॅसिडोनियन म्हणतात. तंटा आहे तो या एका शब्दावर. ग्रीक म्हणतात, हे नाव आमचे आहे. बल्गेरियन म्हणतात, नाव काहीही द्या, भाषा आमची आहे. सर्बियन राज्यकर्ते एके काळी म्हणत की, अशी भाषाच नाही. एवढ्या लहान देशाच्या जिभेवर तीन शेजाऱ्यांनी दावा सांगावा, असे उदाहरण युरोपात विरळा.

ग्रीकांचा मुद्दा लवकर उरकता येण्याजोगा आहे. अलेक्झांडरच्या मॅसिडोनियाची भाषा आणि आजची मॅसिडोनियन भाषा यांचा काडीचाही संबंध नाही. जुनी भाषा ग्रीकची बोली होती की ग्रीकची जवळची बहीण, याचा वाद विद्वान करीत आले. १९८६ साली पेल्ला येथे एका थडग्यात शिशाच्या पत्र्यावर लिहिलेला एक शापलेख सापडला, आणि तो वायव्येकडील ग्रीक बोलींच्या जवळचा निघाला. स्लाव लोक या मुलुखात आले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांत, म्हणजे अलेक्झांडरनंतर नऊशे वर्षांनी. स्कोप्येतील एका सरकारने अलीकडे चौकाचौकांत अलेक्झांडरचे प्रचंड पुतळे उभारून आपली वंशावळ त्याच्याशी जोडण्याचा खटाटोप केला, तो आम्हांस मुळीच पटलेला नाही. गरिबाच्या पोराने राजाच्या घराण्याचा खोटा कुळवृत्तान्त छापून आणावा, त्यातला हा प्रकार. त्याची गरजही नव्हती. ज्या मातीत मनुष्य तेराशे वर्षे राहिला तिच्या नावावर त्याचा हक्क सांगायला तेवढे राहणे पुरे आहे.

खरा गुंता बल्गेरियाशी आहे, आणि तो समजून घेण्यासाठी जरा मागे जावे लागेल. थेसालोनिकी ऊर्फ सालोनिका या बंदराच्या शहरातले दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, ८६३ साली मोराव्हियात धर्मप्रसारास गेले. त्यांनी स्लाव भाषेसाठी नवी लिपी सिद्ध केली आणि धर्मग्रंथ त्या भाषेत उतरविले. भाषा कोणती घेतली? तर सालोनिकाच्या परिसरात कानांवर पडणारी स्लाव बोली. त्यांचा शिष्य क्लेमेंट पुढे ओह्रिदच्या सरोवराकाठी आला आणि ९१६ साली वारला, तोवर त्याने तेथे विद्यार्थ्यांची मोठी परंपरा तयार केली होती. या ग्रंथभाषेला बल्गेरियन पंडित 'प्राचीन बल्गेरियन' म्हणतात, कारण त्या काळी ओह्रिद बल्गेरियाच्या झारांच्या राज्यात होते. स्कोप्येचे पंडित तिच्यावर आपला वारसा सांगतात, कारण बोली त्यांच्या मुलुखातली. आणि ती लिहिणारे भिक्षू स्वतः तिला काय म्हणत? 'स्लोव्हेन्स्की', म्हणजे स्लावांची भाषा, एवढेच. आपण मेल्यावर हजार वर्षांनी आपल्या जिभेचे सातबारा उतारे निघतील, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

तुर्कांचे राज्य सुमारे पाचशे वर्षे चालले. त्या राज्यात माणसाची गणना भाषेवरून होत नसे, धर्मावरून होई. १८७० साली सुलतानाने फर्मान काढून बल्गेरियन ख्रिस्ती धर्मपीठ ग्रीक धर्मपीठापासून वेगळे केले, आणि ज्या भागात दोन-तृतीयांश ख्रिस्ती लोक मागणी करतील तो भाग नव्या पीठाकडे जाईल असे कलम त्यात घातले. या कलमाने गावोगाव भांडण पेटले. चर्च आले की शाळा आली, शाळा आली की शिक्षक आला, आणि त्या शिक्षकाचा पगार सोफिया, अथेन्स किंवा बेलग्रेडहून येऊ लागला. १८७८ च्या मार्चमध्ये सान स्तेफानोच्या तहाने जवळजवळ सगळा मॅसिडोनिया बल्गेरियाला मिळाला आणि जुलैत बर्लिनच्या तहाने तो काढून घेतला. चार महिन्यांच्या त्या नकाशाचे स्वप्न बल्गेरियाने पुढे कित्येक पिढ्या उराशी बाळगले.

एच. एन. ब्रेल्सफर्ड हा इंग्रज समाजवादी पत्रकार १९०३ च्या उठावानंतर मदतकार्यासाठी तिकडे गेला होता. आपल्याकडे त्याचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे; १९३१ साली 'रिबेल इंडिया' लिहून त्याने आपल्या स्वातंत्र्यलढ्याची बाजू इंग्रजांपुढे मांडली. मॅसिडोनियावर त्याने १९०६ साली पुस्तक लिहिले, आणि त्यात एका फ्रेंच वकिलाची गोष्ट आहे. दहा लाख फ्रँक हाती दिले तर आपण सगळ्या मॅसिडोनियाला फ्रेंच करून दाखवू, अशी त्या वकिलाची बढाई होती. यात थट्टा आहे, पण खोटे फारसे नाही. त्या काळात एकाच घरातला एक भाऊ ग्रीक पक्षाचा, दुसरा बल्गेरियन पक्षाचा आणि तिसरा सर्बियन पक्षाचा असे. तिघेही संध्याकाळी आईशी एकाच बोलीत बोलत. कामगारांत फूट पाडण्यासाठी पैसा कसा वाटतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

याच काळातली दोन पुस्तके आजच्या वादात साक्षीदार म्हणून उभी केली जातात. स्त्रुगा गावचे मिलादिनोव बंधू, दिमितर आणि कॉन्स्टंटिन, यांनी लोकगीतांचा मोठा संग्रह १८६१ साली झाग्रेब येथे छापला. गीते बहुतेक मॅसिडोनियातली, पण मुखपृष्ठावर शब्द होता 'बल्गेरियन लोकगीते'. दोघे भाऊ पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात मेले. बल्गेरियन म्हणतात, पहा, त्यांनी स्वतःला काय म्हटले! हा पुरावा खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातले तिकडचे पुष्कळ शिकलेले लोक स्वतःला बल्गेरियन म्हणत.

परंतु दुसरे पुस्तकही आहे, आणि त्याच्या लेखकाविषयी आम्हांस विशेष आपुलकी वाटते, हे लपवीत नाही. ग्योर्गिया पुलेव्स्की हा गालिच्निक नावाच्या डोंगरी गावचा, व्यवसायाने गवंडी. त्या बाजूची जमीन नापीक. पुरुष वर्षातले बरेच महिने परमुलखात जाऊन घरे बांधत, आणि पैसे गाठीला मारून परतत. अशा परदेशी मजुरीला त्यांच्याकडे 'पेचाल्बा' म्हणतात आणि मजुराला 'पेचाल्बार'. कोकणातल्या चाकरमान्यांची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना गालिच्निकच्या बायकांचे डोळे कुठे लागलेले असत हे सहज कळेल. अशा ठिकठिकाणी हिंडलेल्या गवंड्याला चार भाषा येणारच. त्याने १८७५ साली बेलग्रेडमध्ये तीन भाषांचा कोश छापला: मॅसिडोनियन, अल्बानियन आणि तुर्की. प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेल्या त्या पुस्तकात त्याने आपल्या लोकांना आणि भाषेला सरळ मॅसिडोनियन म्हटले. त्याचे लेखन ओबडधोबड आहे, एकच शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, आणि विद्वानांनी त्याला हसून सोडून दिले. हा मनुष्य तुर्कांविरुद्ध स्वयंसेवक म्हणून लढला आणि १८९३ साली सोफियात वारला. शाळा न पाहिलेल्या गवंड्याने आपल्या तोंडच्या बोलीची विटेवर वीट रचून भिंत उभी केली. ओळंबा थोडा चुकला असेल, पण भिंत त्याचीच होती. पंडित लोक मिलादिनोवांचे मुखपृष्ठ दहा वेळा दाखवतात आणि पुलेव्स्कीचे एकदाही दाखवत नाहीत, तेव्हा आम्हांस पोटातून राग येतो. पुलेव्स्की एकटा नव्हता, हेही त्याच्या विरोधकांच्याच लिखाणावरून कळते. बल्गेरियन लेखक पेत्को स्लावेइकोव याने १८७१ सालीच कॉन्स्टँटिनोपलच्या आपल्या पत्रात तक्रार केली होती की, काही जण स्वतःला बल्गेरियनांहून वेगळे असे मॅसिडोनियन म्हणवू लागले आहेत. जे नाहीच त्याच्याविरुद्ध कोणी अग्रलेख लिहीत नाही.

१९०३ च्या २ ऑगस्टला, संत एलियाच्या सणादिवशी, तुर्कांविरुद्ध उठाव झाला. क्रुशेवो या डोंगरी गावात बंडखोरांनी प्रजासत्ताक पुकारले, ते जेमतेम दहा दिवस टिकले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रस्ते मिसिर्कोव याचे 'मॅसिडोनियन गोष्टींविषयी' हे लहानसे पुस्तक सोफियात छापून झाले आणि बल्गेरियन पोलिसांनी त्याच्या बहुतेक प्रती जप्त केल्या. या पुस्तकात मिसिर्कोवने स्वतंत्र मॅसिडोनियन ग्रंथभाषेची मागणी केली आणि ती प्रिलेप व बितोला या मध्यभागातल्या बोलींवर उभारावी असे सुचविले. कारण असे की, हा भाग बेलग्रेडपासूनही दूर आणि सोफियापासूनही दूर. पुस्तकही त्याच बोलीत लिहिलेले. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर फार सोपे झाले असते. पण याच मिसिर्कोवने पुढच्या वर्षांत असेही लेख लिहिले की, आपण मॅसिडोनियन लोक म्हणजे बल्गेरियनच. आज दोन्ही बाजू त्याला उद्धृत करतात, आणि दोन्ही बाजूंची अवतरणे खरी असतात. आम्ही आयुष्यात कित्येक माणसे संपाच्या आधी एक आणि संप फसल्यावर दुसरे बोलताना ऐकली आहेत. ते सगळे खोटारडे होते असे आम्ही कधी म्हटले नाही. दडपणाखाली जगणाऱ्या माणसाचे मन एका वर्षाच्या एका वाक्यावरून ठरवू नये.

सालोनिकाच्या कामगारांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. तेथे १९०९ साली अब्राहाम बेनारोया या ज्यू कार्यकर्त्याच्या पुढाकाराने समाजवादी कामगार महासंघ स्थापन झाला. त्यात तंबाखूच्या वखारीतले कामगार मोठ्या संख्येने होते. या महासंघाने आपले वृत्तपत्र चार भाषांतून काढले: ज्यूंची लादिनो, तुर्की, ग्रीक आणि बल्गेरियन. चौथ्या भाषेला त्यांनी बल्गेरियन म्हटले, कारण शाळेत त्या कामगारांना तीच शिकविलेली होती. पण हेतू पाहा. तू आधी आमचा हो, मग तुझी भाषा मान्य करू, असे त्यांनी म्हटले नाही. ज्याला जे वाचता येते ते त्याच्या हातात दिले. त्या शहराच्या लादिनो बोलणाऱ्या वाचकांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९४३ साली नाझींनी सालोनिकाचे चाळीस हजारांहून अधिक ज्यू गाड्या भरून आउश्वित्झला नेले, आणि त्या शहरातली एक सबंध भाषा काही महिन्यांत नाहीशी झाली. भाषा व्याकरणकारांच्या मतभेदाने मरत नाहीत.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी तुर्क गेले, आणि १९१३ च्या ऑगस्टमध्ये बुखारेस्टच्या तहाने मॅसिडोनियाचे तीन तुकडे झाले. निम्म्याहून थोडा जास्त भाग ग्रीसला, वार्दार नदीचे खोरे सर्बियाला आणि एक-दशांशाच्या आसपास बल्गेरियाला. सर्बियाने आपल्या तुकड्याला 'दक्षिण सर्बिया' म्हटले, शाळा सर्बियन केल्या आणि आडनावांच्या शेवटी '-इच' चिकटवला. ग्रीसने १९२० नंतर गावांची नावे बदलली. १९२५ साली अथेन्समध्ये स्लाव मुलांसाठी 'आबेत्सेदार' नावाचे बालबोध पुस्तक रोमन लिपीत छापले गेले, पण ते शाळांत कधी वापरले गेले नाही. १९३६ साली मेताक्सासची हुकूमशाही आली, तेव्हा रस्त्यावर स्लाव बोलल्याबद्दल दंड होऊ लागला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना ग्रीक शिकायला रात्रशाळेत बसविले. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियाचे सैन्य वार्दार खोऱ्यात आले. सर्बियन जाचाला विटलेल्या पुष्कळांनी प्रथम त्याचे स्वागत केले. लवकरच '-इच' जाऊन '-ओव' आला आणि शाळांत बल्गेरियन सुरू झाले. म्हणजे स्तोयान नावाच्या बापाच्या लेकाला राज्य बदलेल तसे स्तोयानोविच, स्तोयानोव आणि सीमेपलीकडे गेल्यास स्तोयानिदिस व्हावे लागे. त्याने घरात पाणी मागायचा शब्द मात्र तोच ठेवला.

अशा दिवसांत कोचो रात्सिन कवी झाला. जन्म १९०८, वेलेस गावचा, कुंभाराचा मुलगा, आणि लहानपणीच बापाच्या चाकावर बसलेला. पुढे तो कम्युनिस्ट झाला, तुरुंगात गेला. १९३९ साली त्याने 'बेली मुग्री' हा लहानसा काव्यसंग्रह झाग्रेबजवळच्या सामोबोर येथे छापला. 'शुभ्र पहाट' असा काहीसा त्या नावाचा अर्थ. तंबाखू खुडणाऱ्या मजुरांचे आणि परमुलखात राबणाऱ्यांचे दुःख त्यात त्यांच्याच बोलीत आहे. तेव्हा ही भाषा कोणत्याही सरकारने मान्य केलेली नव्हती, तिची ठरलेली लिपीही नव्हती, आणि तरी ते पुस्तक गुपचूप हातोहात फिरले. १९४३ साली डोंगरात पार्टिझनांच्याच पहारेकऱ्याची गोळी लागून रात्सिन मेला. तो अपघात होता की काय, यावर तेथे अजून कुजबूज चालते. स्कोप्येची भाषा १९४४ साली समितीने निर्माण केली असे म्हणणाऱ्यांनी समितीच्या पाच वर्षे आधीचे हे पुस्तक एकदा हातात घ्यावे.

आता त्या समितीकडे वळू. २ ऑगस्ट १९४४ रोजी, पुन्हा त्याच सणाच्या दिवशी, प्रोहोर प्चिन्स्की मठात पार्टिझनांची परिषद भरली आणि तिने मॅसिडोनियन ही राज्याची भाषा म्हणून जाहीर केली. स्कोप्ये मुक्त झाल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस लिपी ठरविण्यासाठी समिती बसली. युद्ध अजून संपले नव्हते, आणि इकडे भांडण जुंपले ते एका अक्षरावर. ते अक्षर एका अस्फुट स्वराचे, आणि तो स्वर आपल्या मराठी 'अ'सारखाच आहे. बल्गेरियन मनुष्य रस्त्याला 'पत्' म्हणतो, आपल्या 'अ'ने; प्रिलेपचा मनुष्य 'पात' म्हणतो. हाच शब्द आपला पथ आणि पंथ. झोपेला सोफियात 'सन्', प्रिलेपला 'सोन', आणि संस्कृतात स्वप्न. प्रश्न असा की या 'अ'साठी बल्गेरियन लिपीतले अक्षर घ्यायचे की नाही? कवी वेन्को मार्कोव्स्की 'घ्या' म्हणत होता. ब्लाझे कोनेस्की 'नको' म्हणत होता, कारण मध्यभागाच्या बोलीत त्या स्वराची गरज नव्हती. कोनेस्कीचे वय तेव्हा अवघे बावीस. बहुमत विरुद्ध गेले तसा तो बैठकीतून उठून गेला. परंतु समितीचा निर्णय वरिष्ठांना रुचला नाही. दुसरी समिती नेमली, मग तिसरी. अखेर ३ मे १९४५ रोजी त्या अक्षराशिवायची एकतीस अक्षरी लिपी ठरली आणि दोन दिवसांनी 'नोवा माकेदोनिया' या पत्रात प्रसिद्ध झाली. पुढे कोनेस्कीने १९५२ आणि १९५४ साली दोन भागांत व्याकरण लिहिले. १९५२ सालीच होरेस लंट या अमेरिकन पंडिताचे इंग्रजी व्याकरणही स्कोप्येत छापले गेले.

बल्गेरियन टीकाकार म्हणतात, हे सर्व बेलग्रेडच्या इशाऱ्यावर झाले, बल्गेरियन अक्षर टाकून सर्बियन अक्षरे घेतली. राजकारण त्यात होते, हे आम्ही अमान्य करीत नाही. टिटोला बल्गेरियाकडे न झुकणारा मॅसिडोनिया हवा होता. पण 'समितीने केलेली भाषा' हा आरोप जो करतो त्याने आपल्या घरात पाहावे. त्याच १९४५ साली सोफियातही समितीने बल्गेरियन लिपीतली दोन अक्षरे बाद केली. ग्रीसने रोजच्या बोलण्याची ग्रीक सरकारी भाषा म्हणून स्वीकारली ती १९७६ साली. तोवर पंडितांनी घडवलेली जडजंबाल भाषा पोरांच्या माथी मारली जात होती. सर्बियनचे शुद्धलेखन व्हुक काराजिच या एका माणसाने बसवले. आणि आपली प्रमाण मराठी? मोल्सवर्थ साहेबाच्या १८३१ च्या कोशाने आणि कँडी साहेबाच्या शालेय पुस्तकांनी ती मुख्यतः पुण्याच्या शिष्टांच्या बोलीवर बसविली. १९६२ साली साहित्य महामंडळाने अनुच्चारित अनुस्वार उडविले. त्यावरून मराठी खोटी भाषा ठरते काय? वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याने त्या समितीत आपल्याला कोणी विचारले होते का, असे म्हटले तर ते निराळे, आणि ते रास्तही आहे.

भाषाशास्त्राच्या अंगाने सांगायचे तर ओह्रिदपासून काळ्या समुद्रापर्यंत बोलींची एकच साखळी आहे. प्रत्येक गावाला शेजारचे गाव समजते, आणि मध्ये कोठेही सुरीने कापल्यासारखी रेघ नाही. बल्गेरियन आणि मॅसिडोनियन एकमेकींना पुष्कळ कळतात. दोघींनी नामाच्या विभक्ती टाकल्या, दोघी उपपद नामाच्या शेवटी जोडतात. तरी प्रमाण भाषांत फरक आहेत. पुस्तकाला मॅसिडोनियनमध्ये 'क्निगाता' म्हणजे ते पुस्तक, 'क्निगावा' म्हणजे हे जवळचे, 'क्निगाना' म्हणजे ते पलीकडचे. प्रमाण बल्गेरियनला एकच रूप पुरते. मॅसिडोनियनचा आघात ठरावीकपणे शेवटून तिसऱ्या अवयवावर पडतो, बल्गेरियनचा मोकळा फिरतो. आणि नामाशेवटचे उपपद केवळ स्लावांत नाही, रोमानियन व अल्बानियनमध्येही आहे. शतकानुशतके एकाच बाजारात सौदे करणाऱ्या भाषा एकमेकींसारख्या होत जातात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू यांचे असेच झाल्याचे गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिले. शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्याची ठेवण सर्वांची एक झाली. तेव्हा केवळ ठेवण पाहून कोण कोणाची बोली हे ठरविणे कठीणच आहे.

आमच्या विचारांच्या लोकांनी या प्रकरणात काय केले, तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९४५ च्या जानेवारीत नव्या मॅसिडोनियन सत्तेने 'राष्ट्रीय सन्मान' रक्षणाचा कायदा केला, आणि स्वतःला बल्गेरियन म्हणविणाऱ्या पुष्कळ लोकांना त्याखाली शिक्षा झाल्या. मार्कोव्स्की पुढे गोली ओतोकच्या छळछावणीत गेला, नंतर सोफियाला निघून गेला, आणि तेथे बल्गेरियन लेखक म्हणून वारला. पलीकडे बल्गेरियाच्या कम्युनिस्टांनी १९४६ नंतर आपल्या पिरिन भागात मॅसिडोनियन भाषा शाळेत शिकविली, शिक्षक स्कोप्येहून आणविले. १९४८ साली टिटो-स्टालिन फाटले आणि शिक्षकांना सीमेपार धाडले. १९५६ च्या शिरगणतीत बल्गेरियात एक लाख सत्त्याऐंशी हजारांवर मॅसिडोनियन होते. १९६५ च्या शिरगणतीत ते दहा हजारांहून कमी भरले. नऊ वर्षांत कोणी स्थलांतर केले नव्हते, साथ आली नव्हती. पक्षाचे धोरण तेवढे बदलले होते. कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी शिरगणतीच्या वहीत माणसे अशी खोडावीत, याची लाज आम्हांस वाटते.

पुढचा इतिहास कागदपत्रांचा आहे. १९७७ साली स्थलनामांविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तीत मॅसिडोनियन भाषेला मान्यता मिळाली, आणि परिषद भरली होती अथेन्समध्ये! २०१८ च्या जूनमध्ये प्रेस्पा सरोवराकाठी ग्रीसशी करार झाला, तेव्हा या गोष्टीचाच आधार घेतला गेला. देशाने आपले नाव 'उत्तर मॅसिडोनिया' केले. भाषेचे नाव 'मॅसिडोनियन' राहिले, मात्र ती दक्षिण स्लाव कुळातली असून प्राचीन ग्रीक संस्कृतीशी तिचा संबंध नाही, असे दोघांनी लिहून दिले. बल्गेरियाने १९९२ च्या जानेवारीत हे राज्य सर्वांआधी मान्य केले, पण भाषा नाही. त्यामुळे दोन देशांचे कित्येक करार सहीविना पडून राहिले. कागद एकाच भाषेत आहे की दोन, हेच ठरेना. १९९९ साली तोडगा निघाला की, दोन्ही राज्यांच्या घटनांनुसार ज्या अधिकृत भाषा आहेत त्यांत सही करावी.

गोव्याची आठवण येथे येणे साहजिक आहे. कोंकणी ही मराठीची बोली, असे आपल्याकडचे मोठमोठे विद्वान पुराव्यानिशी सांगत होते, आणि आमच्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी त्यावर सभाही गाजविल्या. १९७५ साली साहित्य अकादमीने, १९८७ साली गोव्याच्या विधानसभेने आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीने कोंकणीला तिचे स्थान दिले. मराठीचे त्यात काय कमी झाले, ते आम्हांस अजून कोणी दाखविलेले नाही. बल्गेरियनचेही काही कमी होईल असे वाटत नाही. सोफियाच्या विज्ञान अकादमीचे मत मात्र बदललेले नाही. मॅसिडोनियन ही बल्गेरियनचेच एक प्रांतिक लिखित रूप होय, असे तिने २०२० साली पुस्तक काढून पुन्हा सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बल्गेरियाने उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाची वाट अडवली, आणि अडवण्याच्या कारणांत भाषा होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात वाट थोडी मोकळी झाली, ती बऱ्याच अटींवर. ऑक्टोबरात स्कोप्ये येथे युरोपीय संघाशी झालेल्या एका करारावर मॅसिडोनियन भाषेत, कोणत्याही तळटीपेशिवाय सही झाली, आणि हा आमच्या भाषेचा दिवस म्हणून तेथे आनंद मानला गेला. करार होता युरोपच्या सीमारक्षक दलाचा. सीमेवर कोणाला अडवायचे आणि कोणाला आत सोडायचे, त्याची ती कलमे होती.